ताण द्या, पण सारखा!

पूल टेबलचं कापड फाटलं की मोठ्या शहरातल्या फिटरची वाट बघत बसायचं? लातूर-नांदेडच्या दोन दोस्तांनी आणि सीट कव्हर शिवणाऱ्या एका चाचांनी यावर उत्तर शोधलंय. लागतं काय, तर पाना, स्टेपलर आणि भरपूर पेशन्स!

पूल खेळायला गेल्यावर आपण काय बघतो? क्यूची टिप बघतो. एसी चालू आहे की नुसताच भिंतीला लटकलाय, ते बघतो. शेजारच्या टेबलावर कोण खेळतंय, हेही बघतो. खरं सांगा, कापडाकडे कोण बघतं? ते असतं, हिरवं किंवा निळं असतं, बस्स! आणि मग सरळ मारलेला बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन अलगद डावीकडे वळला की आपण स्वतःला शिव्या घालतो. बऱ्याचदा बिचाऱ्या हाताची काहीच चूक नसते. टेबलानंच दगा दिलेला असतो.

घरच्या कॅरमचं बरं असतं. सोंगटी अडकायला लागली की चिमूटभर पावडर टाकायची. पूलच्या टेबलाला असला शॉर्टकट नाही. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, वजनाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. एवढा जड गोळा कापडाच्या अगदी टिचभर जागेवर टेकून पळत असतो. तिथे सुरकुती असेल, कापड सैल असेल किंवा खाली एखादी पिन राहिली असेल तर बॉल लगेच चहाडी करतो.

मला हे सगळं कळलं ते लातूरच्या एका टेबलामुळे.

टेबल बंद, धंदा बंद

दोघेही माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधले. नावं छापू नकोस म्हणालेत, म्हणून आपण त्यांना लातूरवाला आणि नांदेडवाला म्हणू. दोघांनी आपापल्या गावात छोटी पूल पार्लर्स काढली आहेत. लातूरवाल्याकडे दोनच टेबलं. त्यातल्या एकाचं कापड बरोबर ब्रेक मारायच्या जागेवर फाटलं. आधी नखाएवढं, मग चार बोटं. त्यावर चिकटपट्टी लावून आठवडा काढला. पण चिकटपट्टीवरून जाताना बॉल उडी मारायचा आणि पोरं हसायची.

आणि वेळ कुठली? मे महिन्याची! लातूरमध्ये याचा अर्थ वेगळा आहे. 'लातूर पॅटर्न'च्या या गावात अख्ख्या मराठवाड्यातून मुलं क्लासेससाठी येऊन राहतात. वर्षभर बिचारी पुस्तकात डोकं घालून असतात. 'नीट' झाली की पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात. पार्लरवाल्यासाठी हाच सीझन. लातूरवाल्यानं एका मोठ्या शहरातल्या फिटरला फोन लावला, तर उत्तर आलं, 'तीन आठवड्यांनी बघू, तुमच्याकडे एकट्या टेबलासाठी येणं परवडत नाही.' मजुरी, प्रवास, राहणं असा सगळा हिशेब वेगळा. म्हणजे दोनातलं एक टेबल सीझनभर बंद. तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या धंद्यात हे अर्धं दुकान बंद ठेवण्यासारखंच!

शिवाय एक न दिसणारा तोटा होता. आपल्याकडे पूल पार्लर म्हटलं की अजूनही घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, असा एकूण समज. लातूरवाल्यानं दोन वर्षं खपून तो समज थोडा पुसला होता. सिगारेट बंद, आरडाओरडा बंद, मुलींनाही निवांत खेळता यावं असं वातावरण. मी स्वतः तिथे एकटी जाऊन खेळले आहे आणि कुणी वळूनही बघितलं नाही. पण फाटक्या कापडाच्या टेबलावर खेळायला सीरियस खेळाडू येत नाहीत. येतात ते टाइमपासवाले. अड्डा व्हायला मग किती दिवस लागतात?

शेवटी त्यानं नांदेडवाल्याला फोन केला. कारण नांदेडवाल्यानं आपल्या टेबलाचं कापड दोनदा स्वतः बदललं होतं.

'कामून रडायलास? कापड मागव. आम्ही येतोच,' नांदेडवाला म्हणाला. आम्ही म्हणजे तो, मी (स्टोरी मिळेल या आशेनं!) आणि त्याच्या पार्लरजवळ गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे एक चाचा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही रविवारी रात्री लातूरला पोहोचलो. सोमवारी पार्लर बंद ठेवलं आणि कामाला लागलो.

घोंगडीची लांबची बहीण

कामाआधी थोडं कापडाबद्दल, कारण दुकानात गेल्यावर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पूलचं चांगलं कापड लोकरीचं असतं. हो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आपण लोकरीवर खेळत असतो! हा खेळ मुळात युरोपातल्या हिरवळीवरचा. तो घरात, टेबलावर आला आणि गवताच्या जागी हिरवं कापड आलं. बेल्जियममधल्या व्हर्विए गावाची सिमोनिस ही कंपनी आपलं मूळ १६८० सालापर्यंत नेते आणि तिचं बिलियर्डचं कापड आजही जगभर वापरलं जातं. लोकर आपल्याला काही नवी नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची घोंगडी आपल्या आजी-आजोबांच्या घरात असायचीच. चिंचोक्याची खळ दिलेली, जाडीभरडी, अंगाला टोचणारी. पूलचं कापड त्याच खानदानातलं, फक्त धागा बारीक, विंचरलेला आणि विणकाम घट्ट.

या कापडाचे ढोबळ दोन प्रकार. एक लव असलेलं. हात फिरवला की एका दिशेनं मऊ लागतं, उलट दिशेनं खरखरीत. स्नूकरच्या टेबलावर हे असतं. दुसरं विंचरलेल्या धाग्याचं, बिनलवेचं, गुळगुळीत. याला वर्स्टेड म्हणतात. अमेरिकन पद्धतीच्या पूलला हे चालतं आणि यावर बॉल जास्त वेगानं पळतो. जागतिक पूल संघटनेचा नियम सांगतो की स्पर्धेच्या कापडात किमान ८५ टक्के विंचरलेली लोकर हवी, नायलॉन १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. स्वस्त कापडात कृत्रिम धाग्याचं प्रमाण वाढतं आणि त्यावर लवकर गोळे धरतात. स्वेटरवर धरतात ना, तसेच.

आणि हो, हा खेळ आपल्यासाठी अगदी परका आहे असं समजू नका. स्नूकरचा जन्म जबलपूरचा. १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं तो तिथे सुरू केला असं मानलं जातं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले पहिले भारतीय होते बिलियर्ड्सचे विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, पहिलं विजेतेपद १९५८ साली कोलकात्यात, दुसरं १९६४ साली न्यूझीलंडमध्ये. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. आता लातूरच्या पोराला त्या लेव्हलचं स्वप्न बघायचं असेल, तर निदान त्याचं टेबल तरी सरळ हवं की नको?

आधी पाडकाम

सकाळी आठला सुरुवात. नांदेडवाल्यानं पहिली गोष्ट काय केली, तर मोबाइल काढून टेबलाचे सगळीकडून फोटो घेतले. खालूनसुद्धा! मग पॉकेट्स सोडवली. टेबलाच्या कडेच्या सहा पट्ट्या, ज्यांच्या तोंडाला कुशनचं रबर असतं, त्यांना रेल म्हणतात. त्या स्लेटच्या खालून बोल्टनं कसलेल्या असतात. सॉकेट पान्यानं एकेक बोल्ट सोडवायचा. प्रत्येक रेलच्या मागच्या बाजूला नंबर टाकायचा, तिचे बोल्ट-वायसर वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर तोच नंबर. हा कंटाळवाणा प्रकार टाळलात तर संध्याकाळी 'हा बोल्ट कुठला?' हा खेळ खेळत बसाल.

मग जुनं कापड. कडेनं मारलेल्या स्टेपल पिना पातळ पेचकसानं उचलायच्या आणि पकडीनं ओढायच्या. शेकडो असतात. एकही पिन मागे राहता कामा नये. जुनं कापड फेकायचं नाही बरं का! मापाला तेच कामी येतं.

कापडाखाली दिसली काळी-करडी स्लेट. हा खरा दगड असतो. आठ किंवा नऊ फुटी टेबलावर सहसा तीन तुकड्यांत, साधारण एक इंच जाडीचा. नऊ फुटी टेबलाच्या तिन्ही तुकड्यांचं वजन दोनशे किलोच्या वर जातं. म्हणून सक्त ताकीद! कापड बदलताना स्लेट हलवायची नसते. जागेवरच राहू द्यायची. जागा बदलायची असेल, टेबल वरच्या मजल्यावर न्यायचं असेल, तर मात्र माहीतगार माणूस बोलवायचाच. बारा फुटी स्नूकर टेबल तर पाच स्लेटांचं असतं. ते या लेखाच्या भरवशावर उघडू नका, प्लीज!

स्लेट पाण्यानं पुसायची नाही. कोरडं फडकं आणि व्हॅक्युम क्लीनर. सुकलेला गोंद असेल तर पातळ पातीनं हलक्या हातानं खरवडायचा.

पाणसळ आणि रमीचा पत्ता

कापड काढलेलं असतं तेव्हाच टेबलाची लेव्हल बघून घ्यायची. ही संधी पुन्हा काही वर्षांनीच मिळते. गवंड्याची पाणसळ इथे अपुरी पडते. भिंतीला चालणारा फरक बॉलला चालत नाही. स्पर्धेच्या टेबलाला लांबीच्या दिशेनं साधारण अर्धा मिलिमीटर एवढीच सूट असते, रुंदीच्या दिशेनं त्याहून कमी. यंत्रं बसवताना फिटर वापरतात ती बारीक लेव्हल लागते. लातूरवाल्यानं ओळखीच्या लेथ वर्कशॉपमधून ती दिवसापुरती आणून ठेवली होती. तुमच्या गावच्या एमआयडीसीत चौकशी केलीत तर मिळून जाईल.

आधी संपूर्ण टेबल पायांपासून समतल करायचं, मग तीन स्लेटांचे सांधे एका पातळीत आणायचे. एखादी स्लेट केसभर खाली असेल तर ती किंचित उचलून खाली पातळ पाचर सारतात. पत्त्यांच्या कॅटमधला पत्ता त्यासाठी फर्स्ट क्लास! आमच्या टेबलाखाली बदामची राणी आणि चौकटचा गुलाम कायमचे वस्तीला गेले आहेत.

सांध्यांच्या फटी भरायचा परंपरागत मसाला म्हणजे मधमाशीचं मेण. वितळवून फटीत सोडायचं, गार झालं की पातीनं स्लेटच्या बरोबरीनं खरवडायचं. पण मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मेण वितळतं साठ-पासष्ट अंशांना हे खरं, पण मऊ त्याच्या कितीतरी आधी पडायला लागतं. बंद खोलीत, रात्री एसी नसताना, सांध्यावरचं मेण दबू शकतं. म्हणून नांदेडवाला गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडची बॉडी पुट्टी वापरतो. बाहेरदेशीचे टेबल मेकॅनिकही ती वापरतात. ती लवकर कडक होते, घासून सपाट करता येते आणि उन्हाळ्याला दाद देत नाही. तोटा एकच. पुढे कधी टेबल उचलायचं झालं तर सांधे फोडायला मेणापेक्षा जास्त त्रास.

सांध्यावरून डोळे मिटून बोट फिरवायचं. सांधा कुठे आहे ते बोटाला कळलं, तर बॉललाही कळणार.

कच्चा टाका, पक्का टाका

दुपारचे दोन. आता हिरो आला!

नवं कापड आधी त्याच खोलीत उलगडून ठेवलं होतं. लोकर हवेतला ओलावा भरपूर पिते, अगदी स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे पार्लरमध्ये एसीपेक्षा कूलर जास्त. कूलरची ओली हवा थेट टेबलावर येत असेल तर कापड जड पडतं, बॉल मंदावतो. म्हणून फंडा सोपा आहे. ज्या हवेत खेळ चालणार, त्याच हवेत कापड ताणायचं. आणि कूलरचं तोंड टेबलाकडून कायमचं फिरवून टाकायचं.

पहिली कात्री रेलच्या पट्ट्यांसाठी. सहा पट्ट्या कापडाच्या लांबीला समांतर काढायच्या, माप जुन्या पट्ट्यांवरून. पट्ट्या आडव्या-उभ्या कापल्या तर एकाच टेबलावर दोन शेड दिसतात. कापडाची सुलट बाजूही नीट ओळखायची. लव असेल तर ती ब्रेकच्या बाजूकडून समोर जाणारी हवी. मधल्या मोठ्या तुकड्याला चारी बाजूंनी पुरेसं जादा कापड सोडायचं. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० बाय ५० इंच असते, आठ फुटीची ८८ बाय ४४. पण स्लेट रेलच्या खालीही पसरलेली असते. खेळायच्या मापानं कापड कापलंत की संपलं!

आता ताणायचं. मी मोठ्या उत्साहानं कापडाचं एक टोक दोन्ही मुठींत धरलं आणि लातूरवाल्यानं समोरून असा काही हिसका दिला की मी स्लेटवरच आडवी झाले असते. चाचा हसले.

'कपडे से कुश्ती नक्को कर बेटा,' ते त्याला म्हणाले. 'उसकू समझा.'

चाचांचं आयुष्य सीटवर रेक्झिन ताणण्यात गेलंय. त्यांचा पहिला नियम, पहिल्याच फेरीत पक्की पिन मारायची नाही. शिंपी आधी कच्चा टाका घालतो तसं. एका आखूड बाजूला मध्यावर पिन, मग मधून दोन्ही कोपऱ्यांकडे जायचं. मग समोरच्या आखूड बाजूला दोघांनी मिळून सारख्या जोरानं कापड ओढायचं, पुन्हा मधून बाहेर. मग लांब बाजू. मधल्या पॉकेटपासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे. एक पिन या बाजूला मारली की तिच्यासमोरची त्या बाजूला. पिना अर्ध्याच आत, म्हणजे पुन्हा उपसता येतात. पिना बसतात त्या स्लेटच्या कडेला खालून लावलेल्या लाकडी पट्टीत. ती नसेल, तर स्प्रे-ग्लूनं कापड कडेला चिकटवावं लागतं. मग दारं-खिडक्या उघड्या, आणि काडेपेटी-सिगारेट खोलीच्या बाहेर.

बाजेची नवार कसताना बघितलीय कधी? एकच पट्टा जीव खाऊन ओढला तर बाज वाकडी होते. सगळे पट्टे थोडे थोडे, फिरून फिरून कसत जावे लागतात. इथेही तसंच. एका ठिकाणी जास्त ओढलंत की तिथून तिरकी सुरकुती निघते, आणि ती घालवायला दुसरीकडे जास्त ओढलं की दुसरी निघते. अशा वेळी हट्ट करायचा नाही. आजूबाजूच्या चार-सहा पिना काढायच्या, कापड मोकळं करायचं आणि पुन्हा मधून सुरुवात.

मग नेमकं किती ताणायचं? कापडागणिक उत्तर बदलतं. कृत्रिम धाग्याचं जास्त असेल तर ते वेगळं खेचलं जातं, शुद्ध वर्स्टेड वेगळं. कापडासोबत कंपनीची सूचना येते, ती वाचायची. पण एक घरगुती टेस्ट आहे. तळहात कापडावर दाबून पुढे सरकवायचा. हातापुढे लाट उठली तर कापड सैल आहे. अजिबात लाट नको. दुसऱ्या टोकाची चूकही होते. अति ताणलं की कापडाचे धागे विरळ होतात, खालचे सांधे उमटून दिसतात आणि पॉकेटच्या कापापासून ते फाटायला लागतं. टेबल सुसाट होतं आणि आयुष्य अर्ध्यावर येतं.

पॉकेटच्या जागी कापड कापायचं ते सगळं ताणून झाल्यावरच. छोटे छोटे काप द्यायचे, कापलेल्या पाकळ्या पॉकेटच्या आत दुमडायच्या आणि तिथे पिना मारायच्या. कात्री स्लेटच्या काठाच्या वर येता कामा नये. इथे चाचांनी आमच्या तिघांच्याही हातातून कात्री काढून घेतली. योग्यच केलं!

सगळी बाजू मनासारखी झाल्यावर अर्ध्या पिना ठोकून पक्क्या. घड्याळात सव्वापाच वाजले होते.

रेल : सगळ्यात चिकट काम

सगळ्यांना वाटतं, मधलं मोठं कापड बसलं की जिंकलो. चूक! वेळखाऊ काम रेलचं.

आधी रबर तपासायचं. अंगठ्यानं दाबल्यावर ते दबून परत यायला हवं. दगडासारखं कडक झालं असेल, भेगा पडल्या असतील, तर कापडासोबतच रबरही बदला. जुन्या रबरावर नवं कापड म्हणजे चिखलावर चादर. नवं रबर त्याच प्रोफाइलचं घ्यायचं. कारण कुशनच्या टोकाची उंची बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्के असावी लागते. पूलच्या बॉलला ती साधारण ३६ मिलिमीटर भरते. टोक वर गेलं तर बॉल खाली दाबला जातो, खाली गेलं तर उडतो.

बहुतेक रेलच्या वरच्या अंगाला एक लांब खाच असते आणि त्यात लाकडाची बारीक पट्टी ठोकलेली असते. तिला फेदर स्ट्रिप म्हणतात. जुनी पट्टी अलगद उचकटून ठेवायची. नवं कापड उलटं, म्हणजे सुलट बाजू खाली करून खाचेवर ठेवायचं, त्यावर पट्टी बसवायची आणि वर लाकडाचा ठोकळा ठेवून त्याच्यावर हातोडी मारायची. थेट पट्टीवर हातोडी मारलीत तर ती चिरते. मग कापड रबरावरून उलटवून घ्यायचं, खाली ओढायचं आणि तळाशी पिना. दोन्ही टोकांना पॉकेटपाशी घडी घालायची असते, ती गिफ्ट पॅक करताना घालतो तशी नीट, कमीत कमी जाडीची.

इथेही मंत्र तोच. एक पिन जोरात, एक हलकी असं झालं की रबराच्या टोकावर खळगे पडतात आणि बॉल प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात परततो. आमची पहिली रेल दोनदा उसवावी लागली. तिसरीपासून हात बसला. शेवटच्या तीन तर लातूरवाल्यानं एकट्यानं केल्या. चाचा खुर्चीवर बसून नुसता चहा पीत होते आणि एकदाही उठले नाहीत. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वात मोठं सर्टिफिकेट तेच!

रेल पुन्हा जोडताना एकच बोल्ट पूर्ण कसायचा नाही. गाडीचं चाक बदलताना नट कसतात तसे, सगळे थोडे थोडे, फिरून फिरून.

पहिला बॉल

रात्री दहाला टेबल उभं होतं. लगेच ब्रेक मारायची सगळ्यांना खुमखुमी. पण नांदेडवाल्यानं क्यू लपवून ठेवले. आधी टेस्ट! बॉल हातानं, अगदी हळू, एका टोकाकडून दुसऱ्याकडे सोडायचा. वेगात सगळेच बॉल सरळ जातात. टेबलाचं खरं रूप कळतं ते बॉल थांबायला आल्यावर. शेवटच्या वीतभर अंतरात तो कुठे कलतो का ते बघायचं. मधून, दोन्ही कडांजवळून, तिरका, उलटा. कलला तर कापडाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा लेव्हल हुकलेली असते आणि ती पायांपासून पुन्हा साधता येते.

आमचा बॉल उजव्या कडेनं जाताना शेवटी बोटभर आत आला. पाय अर्धा वळसा फिरवला. पुन्हा सोडला. सरळ गेला आणि समोरच्या कुशनला टेकून थांबला. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. लातूरवाला फक्त म्हणाला, 'उद्या सकाळी नऊला उघडतो.'

त्यानं उघडलंही. दुसऱ्याच दिवशी त्यानं दुसऱ्या टेबलासाठी कापड बघायला सुरुवात केली. त्यानंतर उदगीरहून एका पार्लरवाल्याचा त्याला फोन आला, 'तुम्ही स्वतः बदलता म्हणं?' ज्या कामासाठी तीन आठवडे थांबायला सांगितलं गेलं होतं, ते काम आता लातूरमध्येच शिकलेला माणूस आहे. मला या स्टोरीत सगळ्यात भारी वाटतं ते हेच. कापड विकत मिळतं. हात मिळत नाही, तो बसवावा लागतो.

वीकेंडला स्वतः करणार असाल तर...

■ किमान तीन जण आणि पूर्ण एक दिवस हाताशी ठेवा. रात्री दमलेल्या हातांनी पॉकेट कापू नका.

■ पहिला प्रयोग सात किंवा आठ फुटी टेबलावर करा. सात फुटीला बऱ्याचदा एकसंध स्लेट असते, म्हणजे सांध्यांची कटकट नाही.

■ गावात फिटर नसेल तर सोफा किंवा सीट कव्हरवाला गाठा. ताण म्हणजे काय ते त्याच्या बोटांना माहीत असतं.

■ नव्या कापडावर ब्रेकच्या जागी लवकर पांढरे ठिपके पडतात. ती घर्षणानं भाजल्याची खूण. प्रॅक्टिसला ब्रेक मारताना व्हाइट बॉलखाली जुन्या कापडाचा छोटा तुकडा ठेवा.

■ खडूची पूड हा कापडाचा शत्रू. रोज मऊ ब्रश, एकाच दिशेनं. क्यूला खडू टेबलावर वाकून लावू नका, बाजूला होऊन लावा.

■ बॉल पुसत जा. घाणेरडा बॉल नवं कापड महिन्याभरात जुनं करतो.

■ लवेच्या कापडावर ब्रश आणि इस्त्री लवेच्या दिशेनंच फिरवा. बिनलवेच्या कापडाला इस्त्रीची गरज नसते.

■ टेबलावर बसून फोटो काढणाऱ्यांना प्रेमानं उतरवा. नाही ऐकलं तर प्रेमाशिवाय!

पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेलात की क्यू उचलण्याआधी एकदा कापडावर तळहात फिरवून बघा. लाट उठली, तर मालकाला हळूच बाजूला घ्या आणि हा अंक दाखवा. मग काय, घेताय ना पाना हातात?